पकडली म्हणजे मेली

११ मे. खेळाची खोली रिकामी करून द्यायची आहे. शाळेला सुट्टी, शिपाई गावाला गेलेला, म्हणून मीच सकाळी बारामतीहून स्कूटीवर निघाले आणि भिगवणवरून शाळेत पोचले. पत्र्याची खोली आहे. ऊन चढलं की आत उभं राहवत नाही, म्हणून लवकर आले.

लेझमा ठेवायच्या. खो-खोचा खांब ठेवायचा. मैदान आखायच्या फक्कीची दोन पोती ओल लागून दगड झाली होती, ती टाकायची. कोपऱ्यात आमचे लांबट चेंडू होते. हवा गेलेले, एकमेकांत बसलेले. त्यांचं काय करायचं ते शेवटी बघू म्हटलं.

डाळजच्या पुढे, महामार्गापासून थोडी आत आमची शाळा आहे आणि मी तिथे खेळाची शिक्षिका आहे. शाळेचं मैदान जूनपासून बॉक्स क्रिकेटला जाणार आहे. चारी बाजूंनी आणि वरून जाळी, खाली प्लास्टिकचं हिरवं गवत, वर दिवे. मुलं येतात, तासाच्या भाड्याने खेळतात, बाहेर चहा-वडापाव मिळतो. बारामतीत अशी बरीच झाली आहेत, आता इकडेही आलं. या मैदानावर आमच्या मुली तेराजणींचं रग्बी खेळायच्या. आता खेळणार नाहीत. हे लिहिताना मला रडू वगैरे येत नाही. पण यातून काही चांगलं निघेल असंही मला वाटत नाही, तेव्हा तसं कोणी वाचायला बसू नये.

रग्बी माझ्याकडे आलं ते मी मागितलं म्हणून नाही. पुण्यात खेळ-शिक्षकांचं शिबिर होतं आणि बाकी कोणी जायला तयार नव्हतं. मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्हीच जा. नवा खेळ आहे, काहीतरी बघून या." तिथला प्रशिक्षक कोलकात्याकडचा होता. पूर्वी काही वर्षं पापुआ न्यू गिनी नावाच्या देशात एका दुकानात नोकरीला होता. शिबिरात शिकवायचं ते त्याने शिकवलं, पण जेवणाच्या सुट्टीत आम्हा चार-पाच जणींना तो तिकडचा खेळ दाखवायचा. रग्बी लीग. एका बाजूला तेरा गडी. चेंडू घेऊन पुढे पळायचं, हाताने पास द्यायचा तो मात्र मागेच. समोरच्यांनी पकडून पाडलं की उठायचं, चेंडू जमिनीवर ठेवायचा, पायाने मागे लोटायचा, मागच्या गड्याने तो उचलायचा आणि खेळ पुढे चालू. अशा सहा पकडी होईपर्यंत चेंडू आपल्याकडे. तेवढ्यात समोरच्या रेषेपलीकडे जाऊन चेंडू जमिनीला टेकवायचा.

तो सांगायचा की त्या देशात शेकडो भाषा आहेत, एका डोंगरावरच्या माणसाला पलीकडच्या डोंगरावरचं बोलणं कळत नाही, पण हा खेळ सगळ्यांना कळतो. शेजारच्या ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्यांनी तो तिकडे आणला. आधी फक्त गोरे खेळायचे आणि तिथले लोक दोरीच्या बाहेर उभं राहून बघायचे. मग त्यांनी रिकाम्या बाटलीत चिंध्या कोंबून, रस्त्याकडेला, चिखलात, जमेल तिथे खेळायला सुरुवात केली. आता तो साऱ्या देशाचा लाडका खेळ आहे. सामना असला की बाजार ओस पडतो म्हणे.

मला हे पटलं. दोरीच्या बाहेर उभं राहून बघणारे कोण असतात, हे मी रोज बघत होते. मधल्या सुट्टीत अख्खं मैदान मुलांच्या क्रिकेटचं आणि मुली भिंतीला टेकून डबा खातात. मला वाटलं, आपल्या पोरी हा खेळ हिसकावून घेतील. कबड्डी त्यांच्या अंगात आहेच. धरायचं कसं, पाडायचं कसं हे शिकवावं लागणार नव्हतं.

पहिल्याच दिवशी एक घोटाळा झाला. चेंडू घेऊन पळणारीला दोघींनी धरून पाडलं. छान पकड होती. ती पोरगी उठली, कपडे झटकले, चेंडू तिथेच ठेवला आणि चालत जाऊन बाहेर लिंबाखाली बसली. मला वाटलं लागलं असेल. मग दुसरी गेली. मग तिसरी. थोड्या वेळाने बघते तर अर्धा संघ लिंबाखाली.

"काय गं, बसलात का?"

"मेलो की बाई."

"कोण म्हणालं?"

"धरलं न्हवं का आमाला? धरलं म्हंजी मेलं."

कबड्डीत तसंच असतं. पकडलेला गडी मरतो, बाहेर बसतो, आपल्यातल्या कोणी समोरचा मारला की जिवंत होऊन आत येतो. लहानपणापासून हेच खेळलेल्या त्या. मी सांगितलं की या खेळात धरलं तरी मरत नाही. उठायचं, चेंडू मागे लोटायचा आणि पुन्हा खेळायचं.

"मग मरायचं कवा?"

"मरायचंच नाही."

"असला कसला खेळ वं बाई? मरणंच न्हाय!"

सगळ्या हसल्या. पण ती सवय मोडायला मला एक पावसाळा लागला. पाडलं की मी शिट्टीच्या आधी ओरडायचे, "उठ, मेली नाहीस!" पुढे पुढे त्याच एकमेकींना ओरडायला लागल्या.

गावाने आधी चेंडूवर विनोद केले. आमच्याकडे पपईच्या बागा आहेत आणि चेंडूही त्याच आकाराचा. पारावरचे लोक मला हाक मारून विचारायचे, "बाई, पपई पिकली का?" मी म्हणायचे, "कच्चीच आहे, कोशिंबीर करू." एकदा पालकांच्या बैठकीत मी पापुआ न्यू गिनीचं सांगितलं तर एक भाजीपाल्याचे शेतकरी, ज्यांची मुलगी पुढे आमची कप्तान झाली, गंभीरपणे म्हणाले, "गिनी व्हय? गिनी गवत आमी बी लावलंय बांधाला. गायी लई आवडीनं खात्यात." नंतर याच गृहस्थांनी ट्रॉलीतून मुरूम आणून मैदानाचा खड्ड्यांचा भाग भरून दिला. आमचं मैदान काळ्या मातीचं, उन्हाळ्यात भेगा आणि पावसात चिकटा. मुरूम पडला तेव्हा कुठे पोरींना पळता आलं. गावातल्या वेल्डरने बोअरच्या जुन्या पाइपांचे गोलखांब करून दिले. दोन्ही टोकांना दोन-दोन उंच पाइप, मधे एक आडवा.

एक काळ असा आला की आसपासच्या काही शाळांनीही संघ केले. मला वाटायला लागलं, हे पसरतंय. आधी तालुका, मग जिल्हा. माझ्या डोक्यात तेव्हा काय काय होतं ते आता सांगायला लाज वाटत नाही, फक्त वेळ जातो. पण पसरत होतं ते वेगळंच. नव्या खेळात संघ कमी, म्हणून प्रमाणपत्र लवकर मिळतं आणि दहावीला खेळाचे गुण मिळतात, हे शाळांना कळलं होतं. कागदावर तेरा मुली आणि मैदानात आठ, असे संघ यायला लागले. काही पोरींना चेंडू कसा धरतात तेसुद्धा माहीत नसायचं. मग एकेका शाळेतले खेळाचे शिक्षक निवृत्त झाले, जागा भरल्या नाहीत आणि संघ आपोआप बंद पडले. कोणी बंद केले नाहीत. नळाला पाणी कमी येत येत बंद होतं तसं झालं. शेवटी आमचीच शाळा राहिली. खेळायला समोर संघ नाही, म्हणून आम्ही आपसातच दोन संघ करून खेळायचो.

या जानेवारीत संस्थेच्या अध्यक्षांनी मैदान भाड्याने द्यायचं काढलं. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही म्हणते. माणूस वाईट नाही. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला.

म्हणाले, "बाई, तुमचा खेळ कोन बघतंय सांगा? क्रिकेटला मानसं येत्यात."

"दाखवलाच नाही तर बघणार कोण, आबा?"

"मग दाखवा की. जत्रंला कुस्त्या हायत न्हवं का? त्येच्या आधी खेळवा. गर्दी जमली, लोकांना आवडलं, तर मैदान तुमचं. माझा शब्द."

म्हणजे सगळं त्या एका सामन्यावर आलं. मैदान राहिलं तर संघ राहणार. दुसरीकडे कुठे तेराजणी पळतील एवढी मोकळी जागा पोरींना कोणी दिली नसती. कप्तानाची दहावी संपत होती. ती बारामतीत कॉलेजला जाणार, तिथे हा खेळ नाही. तिने आईकडून कबूल करून घेतलं होतं की मैदान राहिलं तर रविवारी येऊन लहान पोरींना शिकवेन. "शाळेचं ग्राउंड असंल तर जा, दुसरीकडं न्हाय," एवढीच आईची अट.

परीक्षा संपल्या आणि आम्ही तयारीला लागलो. पूर्ण दोन संघ पाहिजेत, म्हणजे सव्वीस मुली. आमच्याकडे निम्म्याच, त्यातल्या काही सहावी-सातवीच्या. भवानीनगरकडच्या एका शाळेत माझी मैत्रीण खेळाची शिक्षिका आहे. तिचा कबड्डीचा संघ चांगला. तिने त्यातल्या आणि वर्गातल्या मिळून तेरा पोरी पाठवल्या. दोन संध्याकाळी आम्ही त्यांना नियम शिकवले. पोरी चपळ होत्या, पटकन शिकल्या. पास मागे द्यायचा, कळलं. रेषेपलीकडे टेकवायचा, कळलं. धरलं तरी मरत नाही, हेही कळलं असं त्या म्हणाल्या.

जत्रेच्या दुपारी गर्दी एवढी होती की मला खरंच बरं वाटलं. कुस्त्यांसाठी आलेले लोक, बायका, पोरं, शेंगदाणेवाले, रसवंतीवाले. आबा मांडवात पहिल्या रांगेत. कुस्त्यांचं बोलणारे निवेदक आधीच माइकवर बसलेले होते. आसपासच्या सगळ्या जत्रांना तेच असतात, आवाज असा की महामार्गापर्यंत जावा. त्यांना मी नियम सांगायला गेले. ते म्हणाले, "काळजी करू नका ताई, धराधरी हाय न्हवं? तीस वरसं हेच बोलतोय."

सामना सुरू झाला. पहिली काही मिनिटं सुंदर झाली. कप्तानाने चेंडू घेतला, दोघींच्या मधून निघाली, पास दिला, आमच्या एका लहानीने पळत जाऊन टेकवला. टाळ्या पडल्या. मग भवानीनगरच्या एका पोरीला आमच्या दोघींनी धरून खाली घेतलं आणि माइकवरून आवाज आला, "धरली! धरली! आणि ही मेलीऽऽ! चला ताई, बाहेर चला!"

ती पोरगी उठली आणि बाहेर गेली.

मी शिट्टी मारली. हाताने आत ये म्हटलं. ती मला बघत होती, पण कर्ण्यातून निवेदक म्हणत होते, "बाहेर बसा ताई, तुमचा जीव घेतला पोरींनी!" आणि सगळी गर्दी ओरडत होती, "मेली! मेली!" एवढ्या लोकांपुढे एक शिट्टी किती वाजणार. ती बसली. पुढची धरली, ती न सांगताच गेली. मग आमच्या सातवीतल्या एकीला त्यांनी पाडलं. तिला मी दोन वर्षं शिकवलं होतं. तीही उठली, कपडे झटकले आणि चालायला लागली.

मी माइककडे पळत गेले. "अहो, या खेळात मरत नाहीत. उठून खेळायचं असतं."

त्यांनी माइक खाली घेतला नाही. "ऐका मंडळी! बाई म्हणत्यात हितं कोन मरत न्हाय! अमरपट्टा घिऊन आल्यात काय पोरी?"

हशा पिकला. आबा मांडी थोपटून हसत होते. आता लोक मोजायला लागले, हिकडच्या किती गेल्या, तिकडच्या किती. मैदान रिकामं होत चाललं तसा आरडाओरडा वाढला. मैदानभर एकटी कप्तान ओरडत होती, "उठा गं! मेला न्हाय तुमी! उठा!" तिचा आवाज बसला होता.

शेवटी समोर चौघी राहिल्या आणि आमच्या बाजूला ती एकटी. चेंडू तिच्याकडे होता. ती पळाली. रेषेपाशी चौघींनी मिळून तिला पाडलं. माइकवर काय चाललं होतं ते मला आठवत नाही. ती उठली. चेंडू जमिनीवर नीट ठेवला. शिकवला तसाच, पायाने मागे लोटला.

मागे कोणीच नव्हतं. चेंडू थोडा घरंगळला आणि थांबला. ती मागे वळून बघत उभी राहिली.

लोकांनी फेटे उडवले. कोणीतरी भवानीनगरच्या पोरींना खांद्यावर घेतलं. आबा मांडवातून उतरून माझ्याकडे आले. खूश होते.

"झकास झालं बाई! लई दिसांनी असली मजा आली. पर ह्येला एवढं मोठं ग्राउंड कशाला लागतंय? ही तर कबड्डीच हाय की, निस्ती पपई हातात दिलीया. तुमाला हॉलमदी कबड्डीची मॅट टाकून देतो. नवी कोरी. आता तर झालं?"

मी समजावून सांगितलं. तेरा गडी, सहा पकडी, उठून खेळणं. ते ऐकत होते, मान हलवत होते. "व्हय, व्हय," म्हणाले. "पर लोकांना मरत्यात तेच आवडलं."

हरलो असतो, लोक उठून गेले असते, तर मी भांडले असते. पुढच्या वर्षी पुन्हा खेळवते म्हणाले असते. पण आम्ही आवडलो. जो खेळ आम्ही खेळलोच नाही त्यासाठी आवडलो. असं झाल्यावर भांडायचं कोणाशी?

तो गिनीचा देश मी तेव्हापासून बऱ्याचदा मनात घोळवला आहे. तिथे लोकांनी खेळ हिसकावून घेतला तो त्यांना दोरीबाहेर ठेवलं म्हणून, असं मी समजत होते. पण हिसकावून घेणारे मोठे होईपर्यंत तिथेच राहिले असणार. शिकले, त्यांनी पुढच्यांना शिकवलं, त्यांच्या मागे कोणीतरी चेंडू उचलायला होतं. आमच्या पोरी दहावीपर्यंत खेळतात. मग कोणी कॉलेजला जातं, कोणी लग्न करून जातं, कोणी रोपवाटिकेत कामाला जातं. गेलेली परत मैदानात येत नाही. दरवर्षी मी नव्या पोरींना पुन्हा तेच पहिलं वाक्य सांगते, धरलं तरी मरत नाही, आणि दरवर्षी त्या हसतात. वाढणं म्हणतात ते हे नव्हे. एक बाई एकाच जागेवर शिट्टी वाजवत उभी होती, एवढंच झालं.

आज दुपार व्हायच्या आत खोलीत कप्तान आली. सुट्टी आहे, वडिलांसोबत शेतावर निघाली होती, माझी स्कूटी बघून थांबली. न विचारता लेझमा मोजायला बसली. नंतर चेंडूंकडे बघून म्हणाली, "बाई, ह्ये कुनाला देनार?"

"कोणाला पाहिजेत?"

तिने एक उचलला, दाबून बघितला. "टूब गेलीया." खाली ठेवला.

मग म्हणाली, "दादा इचारत हुते. गोलखांब काढनार आसाल तर आमाला द्याल का म्हनं? कारल्याचा मांडव घालायचाय. कोपऱ्याला पक्कं पाइप लागत्यात."

वडिलांना ती दादा म्हणते. मी विचार केला. बॉक्स क्रिकेटवाले ते भंगारात काढणार होते. मुख्याध्यापकांना फोन केला, ते म्हणाले, न्या.

"तुला चालेल?" मी तिला विचारलं.

"मला काय इचारता बाई? मांडव दादांचा हाय." लेझमांची गाठ आवळत म्हणाली, "त्या दिशी मी मागं लोटला तवा वाटलं, कुनीतरी आसंल."

"हो."

"तिकडं त्या गिनीत आसं व्हत आसंल का वं?"

"माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. लेझमा बांधून झाल्या. चेंडू मी भंगाराच्या पोत्यात टाकले.

१२ मे. सकाळी मी पुन्हा गेले. तिचे वडील ट्रॅक्टर घेऊन आले होते. पाइप मुळाशी सिमेंटमध्ये होते, पहारीने फोडून काढावे लागले. आडवे बार वेल्डरने कापले. शेतावर जाऊन चार कोपऱ्यांना चार खड्डे घेतले. खांब उभे करताना कोणीतरी धरायला पाहिजे होतं, ते मी धरले. कप्तानाने दगड भरले, माती टाकली. चौथा थोडा कललेला होता. मी तो हलवून बघितला आणि म्हटलं, "हा पुन्हा काढा, वेल भरली की आत येईल." त्यांनी काढला आणि पुन्हा सरळ बसवला. मग मी माती पायाने दाबून घेतली, हात धुतले, खोलीची किल्ली मुख्याध्यापकांच्या घरी दिली आणि भिगवणवरून बारामतीला घरी आले.